गळ आणि तार

मनुष्याला पोटासाठी काम करावे लागते आणि मनासाठी छंद जोपासावा लागतो. या दोहोंचे भांडण फार जुने आहे. पूर्वी ते बहुधा वाटेवरच मिटत असे. कचेरी एकीकडे, छंद दुसरीकडे, आणि दोहोंच्या मध्ये चालायला एक रस्ता. आज हा मधला रस्ताच नाहीसा झाला आहे. 2020 च्या महासाथीपासून असंख्य सुशिक्षितांची कचेरी लॅपटॉपच्या रूपाने त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत जाऊन बसली. त्यामुळे ज्याला डोंगराची वा नदीची ओढ आहे, त्याला साहजिकच वाटू लागले की, आता दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधतील. सकाळी नदीत गळ टाकावा, दुपारी तिच्याच काठी बसून कचेरीचे काम उरकावे! स्वप्न मोठे गोड आहे. परंतु श्रोतेहो, या स्वप्नाची परीक्षा तारायंत्राच्या काळातच एका गृहस्थाने देऊन ठेवली आहे. त्यांचे नाव सर एडवर्ड ग्रे. 1905 च्या डिसेंबरपासून 1916 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षे, ते इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होते. आणि त्यांना वेड होते ते माशीच्या गळाने ट्राउट मासे धरण्याचे.

हे वेड काय आहे ते कळल्यावाचून ग्रे यांची अडचण कळणार नाही. गळ म्हटला की, त्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तळ्याकाठी स्वस्थ बसलेला मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. माशीच्या गळाची तऱ्हा निराळी. ट्राउट हा थंड, वाहत्या आणि नितळ पाण्यातला मासा. नदीच्या तळाशी वाढून पंख फुटताच पृष्ठभागावर येणारे नाजूक किडे हे त्याचे आवडते खाद्य. म्हणून हा छांदिष्ट एका बारीक गळाला रेशमाचा धागा आणि पक्ष्याची पिसे गुंडाळून त्या किड्यासारखी माशी बनवितो. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. वजन असते ते दोरीला. लवचीक काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे झुलवायची आणि शेवटी माशी पाण्यावर अशी उतरवायची की, जणू ती आपण होऊनच तेथे येऊन बसली. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने, दबकत जावे लागते. माशी प्रवाहाबरोबर न जाता किंचित जरी ओढली गेली, तरी चतुर मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. अशा वेळी मनात दुसरा विचार आला की, हात चुकलाच म्हणून समजावे. शिवाय किडे पाण्यावर केव्हा येतील हे ऊन, वारा आणि ऋतू ठरवितात. कोणाचेही घड्याळ ठरवीत नाही. नदीची वेळ आणि कचेरीची वेळ यांचा वाद येथूनच सुरू होतो.

ग्रे यांचा जन्म 1862 चा. विंचेस्टर येथे शिकत असताना शाळेजवळून वाहणाऱ्या इचेन नदीवर त्यांना ही विद्या लागली. हँपशर परगण्यातील खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेले या नदीचे पाणी स्फटिकासारखे असते; त्यात माणसाला मासा दिसतो आणि माशालाही माणूस दिसतो. पुढे ग्रे ऑक्सफर्डला गेले. तेथे अभ्यासाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल 1884 साली विद्यापीठाने त्यांना घरी पाठविले. त्याच विद्यापीठाने 1928 साली त्यांना आपले कुलपती निवडले, हा भाग वेगळा! 1885 साली ते पार्लमेंटात निवडून गेले आणि त्याच वर्षी डोरोथी या त्यांच्या पत्नी झाल्या.

आता पेच असा की, पार्लमेंटाच्या बैठका जोरात चालतात त्या वसंतात व उन्हाळ्यात. आणि ट्राउटचा हंगामही नेमका तोच. लंडन सोडावे तर कर्तव्यात कसूर, न सोडावे तर वर्ष फुकट. ग्रे दांपत्याने यावर साधा उपाय काढला. 1890 साली त्यांनी इचेन अ‍ॅबस या खेड्यापाशी, नदीच्या काठी एक लहानसे घर बांधले. शनिवारी भल्या पहाटे उठून वॉटर्लू स्टेशनावरची अगदी पहिली गाडी गाठायची आणि लंडनचे लोक न्याहारीला बसतात तोवर नदीकाठी पोहोचायचे, असा त्यांचा परिपाठ पडला. ते घर मेजवान्यांसाठी नव्हते. कोणता पक्षी केव्हा गाऊ लागला, कोणते फूल केव्हा उमलले, याची तेथील नोंदवही पतिपत्नी मिळून लिहीत. 1899 साली ग्रे यांनी माशीच्या गळावर एक पुस्तकही लिहिले. ते या विषयावरील उत्तम पुस्तकांपैकी एक मानले जाते.

अशी व्यवस्था केवळ सरदार-दरकदारांनाच परवडते, असे कोणी म्हणेल. परंतु याच इचेन नदीवर, विंचेस्टरच्या जवळ, स्क्यूझ नावाचे लंडनचे एक वकील वर्षानुवर्षे येत असत. त्यांचा काळ 1858 ते 1949. 1940 साली निवृत्त होईपर्यंत त्यांचे आयुष्य वकिलीच्या कागदांत गेले. नदी वाट्याला येई ती सुट्टीच्या दिवसांपुरती. पण त्या मोजक्या दिवसांत त्यांनी डोळे इतके उघडे ठेवले की, मासा पाण्यावरच्या किड्यापेक्षा पाण्याखालचे, पंख न फुटलेले किडे अधिक खातो, या निरीक्षणावर त्यांनी माशी बांधण्याची व टाकण्याची एक नवी रीतच उभी केली. 1910, 1921 आणि 1939 सालच्या त्यांच्या पुस्तकांनी गळ टाकणाऱ्यांच्या जगात मोठा वाद माजविला. ज्याला सगळा आठवडा मोकळा असतो त्याच्या नजरेतून निसटलेली गोष्ट, शनिवारची वाट पाहणाऱ्याने टिपली.

ग्रे मंत्री झाले आणि खरी कसोटी लागली. परराष्ट्रखात्याचे काम रविवार पाळीत नाही. त्यातच 1906 च्या फेब्रुवारीत गाडीतून पडून डोरोथीबाईंचा अंत झाला. ग्रे यांनी मंत्रिपद सोडले नाही आणि नदीही सोडली नाही. 9 जून 1910 रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना बरोबर घेऊन ते इचेनच्या खोऱ्यातून आणि न्यू फॉरेस्टच्या रानातून पक्ष्यांची गाणी ऐकत हिंडले. बातमीदार नाहीत, चिटणीस नाहीत, वर्तमानपत्र नाही. हा बेत आयत्या वेळचा नव्हता. रूझवेल्ट यांनी तो पद सोडण्याआधीच मनाशी धरून कळवून ठेवला होता. पुढे 1919 साली हार्वर्ड विद्यापीठात ग्रे यांनी विश्रांती व करमणूक या विषयावर भाषण केले, तेव्हा हाच दाखला देऊन त्यांनी सांगितले की, कामाचा बेत जितक्या काळजीने आखतो, तितक्याच काळजीने विरंगुळ्याचाही आखावा. उरलेल्या वेळात करू म्हटले, तर वेळ उरत नाही.

येथवर ही गोष्ट सुखाची झाली. परंतु हिची दुसरीही बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाही.

1914 चा जुलै महिना. ऑस्ट्रियाने 23 तारखेला सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांचे निर्वाणीचे पत्र दिले. 24 तारखेला ग्रे यांनी ते मंत्रिमंडळापुढे वाचून दाखविले. शनिवारी 25 तारखेस मुदत संपणार होती. आणि त्या शनिवारी ग्रे नेहमीप्रमाणे इचेन अ‍ॅबसला गेले. रविवारी लंडनच्या कचेरीत त्यांचे मुख्य अधिकारी सर आर्थर निकलसन बसले होते. सर्वांगी युद्ध टाळायचे तर इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि इटली या चार राष्ट्रांची परिषद ताबडतोब बोलवावी, अशी सूचना त्यांनी तारेने ग्रे यांना कळविली. नदीकाठाहून ग्रे यांची संमती आली आणि त्याच दिवशी पॅरिस, बर्लिन व रोम येथे तारा रवाना झाल्या. रविवारी रात्री ग्रे लंडनला परतलेही होते. म्हणजे दुरून काम करण्याची सोय उत्तम चालली. तार वेळेवर गेली, उत्तर वेळेवर आले, काम अडले नाही.

तथापि, दुसऱ्याच दिवशी जर्मनीने ती परिषद नाकारली. 28 तारखेला ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारले आणि 4 ऑगस्टच्या रात्री इंग्लंड रणात उतरले. जगाला आग लागत असता परराष्ट्रमंत्री नदीवर काय करीत होता, असा सवाल टीकाकार पुढे अनेक वर्षे करीत राहिले. न्यायाने पाहता, ते दोन दिवस ग्रे लंडनला राहिले असते तर युद्ध टळले असते, असे म्हणण्यास आधार नाही. बर्लिन आणि व्हिएन्ना येथील निर्णय काही लंडनच्या हाती नव्हते. त्या रविवारी नौदलमंत्री चर्चिलही मुलाबाळांसह क्रोमरच्या समुद्रकिनाऱ्यावर होते आणि आरमाराविषयी टेलिफोनने बोलत होते. परंतु तारेला एक मर्यादा असते, ती येथे दिसते. त्या दिवशी जर्मन वकील लंडनच्या परराष्ट्रकचेरीत आले, तेव्हा त्यांना भेटले ते निकलसन आणि चिटणीस, मंत्री नव्हे. तारेतून होकार जातो, नकार जातो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही. बहुतेक शनिवारी ही उणीव खपून जाते. एखादाच शनिवार असा येतो की, जो खपत नाही; आणि तो आधी ओळखून दाखवील असा ज्योतिषी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

ग्रे यांची तार पाकिटात बंद होऊन येई आणि ती आणणारा मनुष्य परत गेला की, नदीकाठी पुन्हा शांतता पसरे. आजची तार खिशात असते व क्षणाक्षणाला वाजते. हिमाचलातील तीर्थन नदीवर, काश्मीरच्या ओढ्यांवर, निलगिरीच्या पाण्यावर इंग्रजांच्या काळी आणून सोडलेला ट्राउट आजही आहे, आणि पुण्या-मुंबईचा एखादा तरुण आपले काम बरोबर घेऊन तेथे महिनाभर राहू शकतो. त्याचे वरिष्ठ अमेरिकेत असले तर त्याची कचेरी संध्याकाळी उघडते आणि अख्खी सकाळ नदीची होते; ही सोय ग्रे यांनाही नव्हती. पण हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माशांच्या विणीचा काळ असल्याने ट्राउट धरण्यास बंदी असते, इतर काळी मत्स्यविभागाचा परवाना लागतो, आणि डोंगरांच्या कुशीत फोन लागेलच असा भरवसा नसतो. याची चौकशी निघण्यापूर्वीच झालेली बरी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या मागे कचेरीत निकलसनांसारखा विश्वासाचा मनुष्य नेमून ठेवणे, आपण अमुक वेळी हाताशी नाही हे आधी उघड सांगणे, आणि ज्या दिवशी आपला चेहराच हवा असेल त्या दिवशी मासे कितीही वर येत असले तरी काठी गुंडाळून परत फिरणे. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा राहणारा मनुष्य माशालाही फसवू शकत नाही आणि मालकालाही.

मग ग्रे यांनी ते सारे शनिवार लंडनलाच काढावयास हवे होते काय? याचे उत्तर त्यांच्या उत्तरायुष्यात आहे. युद्धाच्या सुमारासच त्यांची दृष्टी मंदावू लागली होती. पाण्यावर तरंगणारी चिमुकली माशी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ट्राउट धरता येत नाही. तेव्हा तो छंद त्यांच्या हातून सुटत गेला. दोरीला बसणाऱ्या हिसक्याने ओळखू येणारा थोरला सामन मासा तेवढा उरला. 1923 साली इचेनकाठचे ते घरही जळून गेले. डोरोथीबाई नाहीत, दृष्टी नाही, नदीकाठचे घर नाही. पद उतरल्यावर सावकाश नदीवर जाऊ, असे जर त्यांनी तरुणपणी ठरविले असते, तर त्यांच्या हाती काय लागले असते? शनिवारच्या गाडीने मिळविलेले ते दिवस तेवढे त्यांच्यापाशी शिल्लक राहिले; आणि नदीकाठी बसून ऐकण्याची जी सवय कानाला लागली होती, तिच्याच बळावर 1927 साली त्यांनी पक्ष्यांवर आपले सुंदर पुस्तक लिहिले. 1933 साली ते वारले. वाचनासाठी त्यांनी अंधांची लिपी शिकून घेतली होती; पक्ष्यांची गाणी ओळखण्यास मात्र त्यांना काही नवे शिकावे लागले नाही.