डिझेलची काटकसर आणि संस्थेची गाडी
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवी निधीतून रुग्णांच्या ने-आणीसाठी एक छोटी मोटार घ्यावी, असे संस्थेने ठरविले आहे. ती पेट्रोलवर चालणारी असावी की डिझेलवर, यावर मंडळात बरेच दिवस वाद चालू आहे. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकविता, तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून हे काम आमच्या गळ्यात घालण्यात आले. आम्ही मोटारींचे जाणकार नव्हे, पण त्रैराशिक आम्हांस येते, आणि हा प्रश्न निम्म्याहून अधिक त्रैराशिकाचाच आहे.

डिझेलची गाडी एका लिटरमध्ये अधिक अंतर कापते, ही गोष्ट खरी आहे. एकच गाडी दोन इंजिनांत मिळत असे, तिचेच उदाहरण घेऊ. 2017 साली आलेल्या मारुती डिझायरचा प्रमाणित आकडा पेट्रोलला लिटरमागे 22 किलोमीटर, तर डिझेलला 28.4 किलोमीटर होता. म्हणजे जवळजवळ तीस टक्के जास्त. मात्र या तिसांतला बराच वाटा इंजिनाचा नसून खुद्द लिटरचा आहे! डिझेल पेट्रोलहून जड असते आणि त्याच्या एका लिटरमध्ये उष्णताच दहा-बारा टक्के अधिक साठलेली असते. आपण तेल मापाने विकत घेतो, उष्णतेने नव्हे, म्हणून हे ध्यानात येत नाही.

उरलेले श्रेय इंजिनाचे. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचे मर्म हेच. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे, ठिणगी लागूच नये. जितका दाब अधिक, तितके उष्णतेतून काम अधिक निघते. शिवाय साध्या पेट्रोल इंजिनाला गाडी हळू चालताना अर्धवट मिटलेल्या झडपेतून श्वास घ्यावा लागतो. नाक दाबून धावण्यासारखेच ते. डिझेलला ती अडचण नाही.

हे शास्त्र झाले. आता बाजाराकडे वळू. टाटांची इंडिका पुण्याच्या कारखान्यातून डिसेंबर 1998 मध्ये बाहेर पडली आणि छोटी डिझेल गाडी सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली. टॅक्सीवाल्यांनी तर ती डोक्यावरच घेतली. पुढे फियाटचे 1.3 लिटरचे इंजिन गाजले. ते रांजणगावलाही बनत असे. पण या लोकप्रियतेचे श्रेय एकट्या इंजिनाला देणे बरोबर नाही. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल सुमारे 41 रुपयांना मिळत होते! ती सवलत ट्रक, शेतीपंप आणि एस.टी.साठी होती, मोटारवाल्यांनी तिच्यात हात धुऊन घेतले. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले आणि दोन दरांतली दरी आटली. एप्रिल 2020 पासून धुराचे नियम कडक झाले, तेव्हा छोट्या डिझेल गाड्या स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना, आणि मारुतीने डिझेल सोडूनच दिले. आज छोट्या गाड्यांत डिझेल शोधावे लागते.

आपला हिशेब असा. पेट्रोल 106 आणि डिझेल 92 रुपये धरू. प्रमाणित आकडे प्रयोगशाळेतल्या रुळांवरचे असतात, भोपाळच्या रस्त्यांवरचे नव्हेत. म्हणून पेट्रोलला 16 आणि डिझेलला 20 किलोमीटर धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरमागे 6 रुपये 62 पैसे येतो, डिझेलचा 4 रुपये 60 पैसे. बचत साधारण दोन रुपयांची. पण डिझेल गाडी विकत घेतानाच लाखभर रुपये अधिक पडतात असे धरले, तर ते भरून येण्यास सुमारे 49 हजार किलोमीटर धावावे लागेल.

आमचे एक मित्र वारंवार विचारतात, "मग टॅक्सीवाले वेडे आहेत काय?" मुळीच नाहीत. इंदूरला जाऊन येणे म्हणजे पावणेचारशे-चारशे किलोमीटर. रोज फेरी करणाऱ्याचे लाख रुपये चार-पाच महिन्यांत वसूल होतात. आपली गाडी मात्र इतवारा, जुमेराती, पीर गेट येथून रुग्ण घेऊन हमीदियाला जाणार, कधी एम्सला, कधी भोपाळ मेमोरियलला. दिवसाला 25 किलोमीटर आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर तोच आकडा गाठायला साडेसहा वर्षे लागतील.

त्यातही एक मेख आहे. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ होण्यास गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, आणि तिची दुरुस्ती बचत गिळून टाकते. गाडी रिकामी विदिशा रस्त्याला पळवून आणावी, तर तेही तेलच जळते.

स्वस्तात मिळते म्हणून जुनी डिझेल गाडी घ्यावी, अशी एक सूचना आली आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. तिच्यात ही गाळणी नसते. जून 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर निश्चित कर्ककारक ठरविला. आणि आपल्या गाडीत बसणार कोण? 2 डिसेंबर 1984 च्या रात्रीपासून ज्यांचे श्वास अडलेले आहेत, त्यांतले कित्येक. त्यांच्या दारात इंजिन चालू ठेवून काळा धूर सोडायचा आणि त्याला काटकसर म्हणायचे, हे आमच्या बुद्धीस पटत नाही. निधीतला पैसा अमानत आहे हे खरे, पण तो ज्यांच्यासाठी आहे त्यांचीही ती अमानतच.

तेव्हा आमची शिफारस साध्या पेट्रोल गाडीची आहे. पुढे संस्थेने रायसेन, सीहोरच्या खेड्यांतून रुग्ण आणण्याचे मनावर घेतले आणि वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर होऊ लागले, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि उत्तर कदाचित उलटे येईल. त्यासाठी गाडीत पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. दर वेळी टाकी तोंडापर्यंत भरावी, मीटरचा आकडा, लिटर आणि रुपये लिहावेत, आणि ड्रायव्हरची सही घ्यावी. ती वही वर्षअखेर जमाखर्चासोबत विश्वस्तांपुढे यावी.