पाण्यात उतरण्याचे सुख



व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा मी हमालांच्या प्रश्नांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, तीस वर्षे प्रश्नांवरच बोलतो आहे. या उन्हाळ्यात एकदा सुखावर बोलू द्या. विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, पोहण्याचा हौद. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मोर्चे काढणाऱ्या माणसाने हौदाचे कौतुक करावे, हे त्यांना जरा विपरीत वाटले असावे.

पण सुख ही मालकाची मिरास आहे, असे कामगार चळवळीने कधीच मानलेले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. सुटी मिळाली की पुढचा प्रश्न उभा राहतोच : त्या दिवशी माणसाने जावे कोठे? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची विद्या मोंढ्यात आणि वाचनालयात झाली. पण या प्रश्नाचे एक उत्तर मला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते. जावे विहिरीवर.

पोहण्याचे सुख ओझे वाहणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला कळत असेल, असे मला वाटत नाही. दिवसभर पाठीवर पोती घेऊन मणका दाबला जातो, मान आखडते. तोच माणूस संध्याकाळी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, की अंगाचे वजन कोणीतरी काढून घेतल्यासारखे वाटते. शास्त्र सांगते, अंग जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार पाणी उचलते. म्हणजे पाणी हे हमालाचा हमाल आहे! उताणे पडून कान पाण्याखाली गेले, की बाजाराचा गलबला थांबतो आणि आपलाच श्वास ऐकू येतो. ज्याला दिवसभर दुसऱ्याचा हुकूम ऐकावा लागतो, त्याला हे केवढे सुख आहे!

मी पोहायला शिकलो तो पाठीला सुकलेला भोपळा बांधून, गावाजवळच्या मळ्यातल्या विहिरीत. पहिल्या उन्हाळ्यात भोपळा होता, दुसऱ्यात रिकामा डबा, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात थारोळ्यावरून मुटका मारू लागलो. गावाचे नाव मी सांगत नाही. ते सांगून कोणाची मान खाली घालावी असा हेतू नाही. आम्ही सात-आठ पोरे पाण्यात असायचो आणि आमच्यातलाच एक काठावरच्या बाभळीखाली आमचे कपडे सांभाळत बसायचा. तो दुसऱ्या वस्तीतला. त्याला पाण्यात उतरायला कोणी मनाई केल्याचे मी ऐकले नाही. कोणी करावी लागतच नसे. त्याला ठाऊक होते, आम्हाला ठाऊक होते. त्याने किती उन्हाळे कपडे सांभाळले ते मी मोजले नाही. मी पोहत होतो. आज ज्या सुखाची मी तारीफ करतो आहे, त्याच्या तळाशी ही गोष्ट आहे. ती वगळून बोललो, तर ते खोटे होईल.

आता जरा आपल्या गावाकडे पाहा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, म्हणजे दहाव्या शतकातला राजा, कंधारपुरवराधीश्वर हे बिरुद मिरवीत असे. आपल्या शेजारचा जगत्तुंग सागर त्याच राजवटीची आठवण सांगतो. किल्ल्याभोवतीचा खंदक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. परभणी जिल्ह्यात वालूरला अशी बारव आहे, की तिच्या पायऱ्या गोगलगाईच्या शंखासारख्या वळत वळत खाली उतरतात. संघटनेच्या कामाने साताऱ्याकडे गेलो, तेव्हा लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहिली. विरूबाई भोसले यांनी ती 1719 ते 1724 या काळात बांधविली. व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट, आणि आत दगडी कमानीचे दालन. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत उतरताना पायरीपायरीला गारवा वाढत होता. पाण्यापाशी उतरण्याची वाट सुंदर असावी, हे आपल्या लोकांना कोणी शिकविलेले नाही. मोहेंजोदडोचा मोठा हौद सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद. विटांच्या मागे डांबराचा थर, म्हणजे थेंब झिरपू नये. चार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याचे हे काम!

परंतु हे सौंदर्य घडविणारे हात आणि त्याचा उपभोग घेणारी अंगे एक नव्हती. दगड फोडणाऱ्याच्या पोराला त्याच बारवेवर ओंजळ पुढे करून वरून पाणी घालणाऱ्याची वाट पाहावी लागे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली मंजूर केला. तरी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द लिहिले गेले. रस्ते आणि दुकाने यांच्या पंक्तीला देशाच्या घटनेत स्नानघाट यावेत, यावरून दुखणे किती खोल होते ते ध्यानात येईल. कायदा होऊनही ते गेले नाही, म्हणून हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांना 1970 नंतरच्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव हिंडावे लागले. हमालांच्या संघटनेचा आणि पाणवठ्याचा संबंध काय, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

हे आपल्याच मातीचे पाप आहे असे समजून निराश होऊ नका. मुंबईच्या ब्रीच कँडीला समुद्रकाठी एक देखणा हौद आहे. त्याचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा. त्या हिंदुस्थानात हिंदी माणसाला मज्जाव होता, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तो उठला नव्हता! अमेरिकेत सेंट ऑगस्टीन गावी 18 जून 1964 रोजी एका मोटेलच्या हौदात काळे आणि गोरे कार्यकर्ते मिळून उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. त्या चळवळीच्या रेट्यानेच दोन आठवड्यांत नागरी हक्कांचा कायदा झाला. म्हणजे प्रवासातला हौद नुसता टाइल्सच्या निळेपणावरून पाहू नये. त्याच्या फाटकावर कोण अडविले जाते, तेही पाहावे.

कोणी म्हणेल, दुष्काळी मुलखात हौदाच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, एकेका वाघिणीत 50 हजार लिटर, म्हणजे एकूण 5 लाख लिटर. आता हिशेब करू. बंगल्यातला 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, दीड मीटर खोल हौद भरायला 75 हजार लिटर लागते. दीड वाघीण चार माणसांसाठी! 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद, 2 मीटर खोल मोठ्या हौदाला 25 लाख लिटर, म्हणजे तशा पाच गाड्या. पण ते पाणी रोज फेकीत नाहीत. वाळूच्या थरांतून गाळून, क्लोरिन घालून तेच फिरवितात. उन्हाने उडेल आणि गाळण धुताना जाईल, तेवढेच नवे घालावे लागते. म्हणून टंचाईत आधी प्यायला पाणी, याबद्दल वादच नाही. पण बऱ्या वर्षी हौद बांधायचाच, तर तो हजार पोरांचा असावा, चौघांचा नसावा.

तो बाभळीखालचा सोबती पुढे मोंढ्यात माझ्याच टोळीत आला. काही वर्षांपूर्वी अधिवेशनासाठी आम्ही एका मोठ्या शहरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. ओळखीच्या कार्यकर्त्याने नगरपालिकेच्या हौदाची पाहुण्यांची तिकिटे काढून दिली. बाहेरच्या दुकानातून पोहण्याच्या चड्ड्या घेतल्या, फवाऱ्याखाली अंग धुतले आणि उथळ बाजूने उतरलो. पन्नाशीच्या त्या गड्याने कडेचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. दीडशे पोती उतरविणारा माणूस, पण गुडघे कापत होते. मी हात पुढे केला. तो काठाकडे पाहून म्हणाला, "लेका, अन् आज कापडं कोण सांभाळतंय?"

मी हसलो, तोही हसला. नंतर मला हसू आले नाही. त्या दिवशी तो पाठीवर तरंगायला शिकला. पोहायला शिकला नाही. त्या वयात सगळे येत नाही. ज्या वयात आले असते, तेव्हा मी पाण्यात होतो.

तेव्हा आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. एक, सुटीत एखादी बारव गाळ काढून मोकळी करू. हात मी आणि माझे हमाल देऊ. दोन, दर उन्हाळ्यात पोरांना आणि पोरींनाही पोहायला शिकवू. आरती साहा यांनी 1959 साली इंग्लिश खाडी पोहून पार केली. आपल्या लेकींनी तरी जगत्तुंगाकडे काठावरून का पाहावे? तीन, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही. पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. म्हणून ज्याचे शेततळे असेल त्याने चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आजच सोडावेत.

आणि चौथी गोष्ट. पोरे पाण्यात उतरली, की काठावर एकदा पाहावे. कपडे सांभाळीत कोणी बसले असेल, तर आधी त्याला हाक मारावी.