मनाची उसळी आणि मनाची धडकी



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो पगार आणि बोनस यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही मनाच्या आजारावर बोलणार आहोत. कारण तोही कामगाराचाच प्रश्न आहे. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण फाटकावरच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा हे वैद्यकीचे प्रवचन नव्हे, आमच्या एका चुकीची कबुली आहे.

माधवनगरच्या परिसरात मागावर काम करणारा आमचा एक सहकारी होता. तो मधूनमधून दोन-दोन महिने खाली मान घालून बसे. जेवण नको, बोलणे नको. आम्ही त्याला दवाखान्यात नेले आणि सांगितले, "फार काळजी करतो, झोप नाही." डॉक्टरांनी चिंता व खिन्नता यांवरच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत गडी उठला. नुसता उठला नाही, उधळला. रात्री दोन तास झोपे आणि सकाळी ताजातवाना. रात्रभर पत्रके लिही, तीन ठिकाणी कर्ज काढी, पाच जणांना जामीन राही. आम्हांला वाटले, हे चळवळीचे तेज! आम्ही त्याला सभेत पुढे केले. शेवटी त्याने मालकाच्या अंगावर धाव घेतली. काम गेले, कर्जापायी घर गेले. मग मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला एकच प्रश्न विचारला : "असे उत्साहाचे दिवस पूर्वी कधी आले होते काय?" आले होते, दोनदा. परंतु सुखाचे दिवस आजारात कोण मोजतो?

त्याच सुमारास सूतगिरणीतील आमची एक भगिनी एकाएकी छाती धरून खाली बसे. काळीज धडधडे, श्वास कोंडे, हातांना मुंग्या येत. आता मरणार असे तिला वाटे. अर्ध्या तासात सारे शांत. हृदयाचा आलेख स्वच्छ निघाला, तेव्हा लोक म्हणाले, नाटक करते. ते नाटक नव्हते, तो भयाचा झटका होता.

वरवर पाहता दोघांचीही झोप मोडलेली, दोघेही अस्वस्थ, दोघेही चिडके. मग भेद कसा ओळखावा? भयाचा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. द्विध्रुवीय विकारातील, म्हणजे ज्याला लोक बायपोलर म्हणतात त्यातील, उसळी दिवसच्या दिवस टिकते. पूर्ण उन्माद आठवडाभर किंवा त्याहून अधिक. चिंतेच्या माणसाला झोप हवी असते पण येत नाही, आणि सकाळी तो थकलेला असतो. उन्मादातल्या माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. चिंतेचा विचार घाण्याच्या बैलासारखा त्याच खुंट्याभोवती फिरतो. उन्मादाचा विचार एका फांदीवरून दुसरीवर उड्या मारतो. चिंतातुर माणूस दहा रुपये खर्चताना कचरतो. उसळीतला माणूस उद्याची भाकरी आज उधळतो. अर्थात एकाच माणसाला दोन्ही विकार असू शकतात आणि थायरॉईडच्या दोषानेही अशी लक्षणे दिसतात. म्हणून निदान तज्ज्ञानेच करावे.

हा भेद केवळ नावाचा नाही. खिन्नतेवरील काही औषधे भयविकारालाही गुण देतात. त्यांच्या जोडीला विचारांना वळण लावणारे उपचारही आहेत. परंतु तीच गोळी द्विध्रुवीय रुग्णाला एकटी दिली, तर विस्तवावर रॉकेल ठरू शकते. त्याला मन समतोल राखणारे औषध लागते. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९४९ साली लिथियमचा गुण दाखवला. ते एक साधे खनिज आहे. मात्र त्याची रक्तातील मात्रा वेळोवेळी तपासावी लागते. उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये घाम गळून अंगातले पाणी कमी झाले, तर ती मात्रा वाढून अपाय होतो. रात्रपाळीने झोप तुटली, तर उसळी पुन्हा येऊ शकते. म्हणून अशा माणसाला दिवसपाळी मागणे हे आता आम्ही संघटनेचे काम मानतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत दूरध्वनीही आहे.

कामगार न्यायालयात एकच बाजू ऐकून दिलेल्या निकालाला आम्ही एकतर्फी म्हणतो. दवाखान्यात आम्ही आमच्या मित्राची एकच बाजू मांडली आणि निकाल एकतर्फी झाला. आज तो दुसऱ्या शेडमध्ये सहा वर्षे सुरळीत माग चालवतो आहे. घर मात्र परत आले नाही. तेव्हा आपल्या माणसाला डॉक्टरकडे न्याल, तेव्हा त्याच्या रडण्याच्या दिवसांबरोबर त्याच्या अति हसण्याच्या दिवसांचीही साक्ष द्या. एवढेच मागणे आहे.