कलावंताचा नित्यनेम

(घिवली येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, तुम्ही जी डाय चार-चार दिवस मान मोडून कोरता, ती बोईसरला यंत्र एका दुपारी कोरून देते. मग मी तुमच्याजवळ बसून शिकू तरी काय?" पंगत बसत होती, तेव्हा 'नंतर बोलू' असे म्हणून मी वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. यंदा कार्यकारी मंडळाने कलावंताच्या कामाच्या शिस्तीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी ती मुख्यतः त्या तरुणाचे देणे फेडण्यासाठी स्वीकारली. तो आज समोर बसलेला आहे. त्याचे नाव घेऊन मी त्याला संकोचात टाकीत नाही.

मी विद्वान नव्हे. शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे पोलाद कोरले, एवढीच माझी पात्रता. मुंबईहून आलेल्या मंडळींना आमच्या धंद्याची कल्पना नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. सोन्याचांदीच्या पत्र्यावर दाबून दागिन्याचे नक्षीकाम उठवावयाचे, तर त्यासाठी पोलादाचा ठसा लागतो. त्यालाच डाय म्हणतात. चिंचणी, वरोर, तारापूर आणि आपली घिवली या पट्ट्यात हे काम घरोघरी, ओटीवर बसून चालत आले आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी काढावयाची आणि भिंगातून पाहत, छिन्नी-हातोडीने ती आत खोल कोरावयाची. दागिन्यावर जे उंच दिसावयाचे ते येथे खोल जाते, आणि जे उजवीकडे दिसावयाचे ते येथे डावीकडे असते. म्हणजे सगळे जग उलटे पाहावयाची सवय लागते. काम पुरे झाले की ठोकळा लालबुंद तापवून त्याला पाणी द्यावयाचे, म्हणजे पोलाद कडक होते. चित्रकाराला चुकलेला रंग पुसता येतो, मूर्तिकाराला माती पुन्हा लावता येते. पोलादातून एकदा निघालेला कण परत बसविता येत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव सांगताना मला अजून लाज वाटते. तरुणपणी हात चांगला आहे असे चार लोक म्हणू लागले आणि माझी अशी समजूत झाली की कलावंताने लहर लागेल तेव्हाच काम करावे. आठ-आठ दिवस मी छिन्नीला शिवत नसे. नाक्यावर बसून चित्रकलेवर बोलत असे, आणि बोलणे मला कामाहून बरे जमे. मग मुदत जवळ आली की रात्री जागवावयाच्या. अशाच एका लग्नसराईच्या तोंडावर मोराच्या नक्षीचे मोठे काम हाती होते. सलग तिसरी रात्र, छिन्नी बोथट झालेली, ती उठून घासावयाचा कंटाळा, म्हणून हातोडीचा जोर वाढविला. आणि मोराच्या मानेशी छिन्नी सुटली ती पिसाऱ्यापर्यंत चरा उमटवून गेली. पहाट होत होती. ठोकळ्याचे तोंड संपूर्ण घासून पुन्हा आरंभ करण्यास वेळ नव्हता. काम गेले, त्या पेढीचा विश्वास गेला, आणि पेढीची त्यात काडीचीही चूक नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी किनाऱ्यावर जाऊन बसलो. आमचे आजोबा तेव्हा हयात होते. ते जाळे सांधत बसले होते. भांगाचे दिवस होते, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. पाण्याला ओढ नव्हती, डोलीला मासळी लागणार नव्हती, आणि म्हणून सगळी वडीलमंडळी जाळी, दोर, बांबू यांच्या दुरुस्तीला बसलेली होती. मी त्यांना काही सांगितले नाही. त्यांना ते घरून कळलेच होते. ते इतकेच म्हणाले, "उधाणाच्या दिवशी जाळे सांधायला बसणारा मी अजून पाहिला नाही."

वाक्य साधे होते, पण माझ्या मनात ते घर करून राहिले. आपण दर्यावर वाढलेली माणसे. आपल्या वाडवडिलांना नियमितपणा घड्याळाने शिकविलेला नाही. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. आज पहाटे तीनला निघालेली होडी उद्या तीनला निघत नाही. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशेब आपल्याकडे अक्षरशत्रू माणसालाही तोंडपाठ असे. निघण्याची वेळ रोज निराळी, पण निघणे ठरलेले. कोणी असे म्हणत नसे की आज मला दर्यावर जाण्याची लहर नाही. आणि पाण्याला ओढ नसेल त्या दिवशी रिकामे बसण्याचीही रीत नव्हती. कलावंताच्या मनालाही असेच उधाण आणि भांग असतात, हे मी नाकारीत नाही. काही दिवशी हात चालतच नाही. पण त्या दिवशी छिन्न्या घासाव्यात, कागदावर नुसत्या वेलबुट्ट्या गिरवाव्यात, जुने ठसे मेणावर उमटवून आपण कोठे चुकलो ते पाहावे. मी तसे करू लागलो. हा नियम मला कोणत्याही ग्रंथात मिळाला नाही, तो या किनाऱ्यावर मिळाला.

हा विचार मी तरुणांपुढे मुद्दाम मांडतो, कारण आज आपली बरीच मुले तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. ती म्हणतात, "आठवड्याला पाळी बदलते, आमची सवय बसणार कशी?" ज्याच्या आज्याची वेळ रोज बदलत होती, त्याने ही सबब सांगू नये. घड्याळाच्या ठोक्याशी सवय बांधता येत नसेल तर ती एखाद्या खुणेशी बांधावी. पाळीहून घरी आलो, हातपाय धुतले, की जेवणापूर्वी अर्धा तास पाटीसमोर बसावयाचे. मग ते जेवण सकाळचे असो वा रात्रीचे. आमच्या शेजारच्या एका मुलाने दोन वर्षे असे केले आहे. त्याच्या वह्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या वहीतील बैल व शेवटच्या वहीतील बैल एकाच माणसाने काढले असे कोणी म्हणणार नाही.

दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. जवळच्याच डहाणू तालुक्यातील गंजाड येथे जिव्या सोमा मशे नावाचे वारली चित्रकार होऊन गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली व २०१८ साली ते निवर्तले. लहानपणी आई गेली, त्या दुःखाने त्यांनी बोलणेच सोडले आणि ते धुळीत बोटांनी चित्रे काढीत बसत, ही हकिगत पुष्कळांनी ऐकली असेल. मला महत्त्वाची वाटते ती तिच्यापुढची गोष्ट. वारली लोकांत भिंतीवर लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. लग्न ठरले की भिंत सारवावयाची, तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, लग्न झाले की काम संपले. त्या भगिनींना नित्य सवयीची गरज नव्हती. लग्नसराईच त्यांची सवय सांभाळीत असे. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर कागद घेऊन आले, तेव्हा चित्राला लग्नाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पण त्याबरोबरच कोणीतरी बोलावील आणि मग काढू, हा आधारही गेला. मशे यांनी विधीबाहेर, वर्षाचे बारा महिने चित्रे काढली. मासळीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, शेतातली कामे हे विषय त्यांच्या कागदावर आले. चौकात त्यांना जागा नव्हती. रोज बसणाऱ्याला नवे विषय शोधावेच लागतात, असे मला त्यावरून वाटते.

दुसरे उदाहरण नोकरदारांसाठी. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले, १८९६ पासून तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १८९५ सालीच मिळाले होते. एवढ्या मानावर एखादा जन्मभर बसून राहिला असता. धुरंधरांनी नोकरी सांभाळून हजारो चित्रे, रेखाटने, पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती केल्या. वर्गात शिकवावयाचे आणि घरी येऊन पुन्हा काढावयाचे! त्यांनी आपल्या आठवणी १९४० साली प्रसिद्ध केल्या, त्यांचे नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. ग्रंथाच्या नावात पदकाचा उल्लेख नाही, वर्षांचा आहे. मला ते फार आवडते.

सासवण्याचे मूर्तिकार विनायकराव करमरकर यांच्याविषयी बोलण्यास वेळ नाही. एवढेच सांगतो की, पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील १९२८ चा महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्या हातांनी घडविला, ते हात गणपती करणाऱ्या घरात तयार झाले होते. चतुर्थी कोणासाठी पुढे जात नाही हे त्या घरातील मुलाला कोणी निराळे शिकवावे लागत नाही. अलिबागेकडे गेलात तर त्यांचे घर पाहावे, तेथे त्यांची शिल्पे जतन केलेली आहेत.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. त्या क्षुल्लक वाटतील, पण मला त्यांनीच तारले. काम थांबविताना छिन्न्या घासून ठेवाव्यात, सकाळी घासू असे म्हणू नये. सकाळी बसताच काम सुरू झाले पाहिजे. बसल्यावर हत्यार शोधणारा माणूस अर्ध्या तासाने चहा शोधतो. दुसरे, एखादी पाकळी मुद्दाम अर्धी ठेवून उठावे. पूर्ण झालेल्या कामाकडे परत येण्यास मन कंटाळते, अर्धी पाकळी मात्र हाक मारते. तिसरी गोष्ट डोळ्यांची, आणि ती मी फार उशिरा शिकलो. भिंगातून अर्धा तास पाहिले की उठून ओटीच्या टोकाशी जावे व दर्याच्या रेघेकडे पाहावे. आपल्याला देवाने एवढा लांब पल्ला दारात दिला आहे, आणि आम्ही डायवाले तिकडे पाठ करून बसतो. माझ्या उजव्या डोळ्याची आज जी स्थिती आहे ती याच पाठ करून बसण्याने झाली असे मी मानतो. डॉक्टर वयाचे कारण सांगतात, तेही असेल. भगिनींना मी वेगळे काही सांगत नाही. घरचे सारे उरकून मधल्या वेळात डाय कोरणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. खंड पडलेले काम पुन्हा त्याच जागी उचलणे त्यांना जितके येते तितके आम्हा पुरुषांना येत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. यंत्र आले, त्याला बरीच वर्षे झाली. ते माझ्याहून जलद कोरते, त्याचा हात कापत नाही, आणि लहानसहान कामात ते माझ्याहून स्वच्छही कोरते. हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी ज्यांचे काम गेले त्यांना मी जवळून पाहिले आहे. कोणी रिक्षा घेतली, कोणी कारखान्यात गेले. पण मी एक गोष्ट नीट पाहिली. छापील नमुना आणावयाचा, तो पोलादावर उतरवून घ्यावयाचा आणि कोरावयाचा, एवढेच ज्यांनी केले, त्यांचे काम आधी गेले. त्यांचा हात वाईट नव्हता, काहींचा माझ्याहून चांगला होता. याउलट जे रोज कागदावर स्वतःच्या मनाने काही काढीत असत, त्यांतील दोघांना यंत्राच्या मालकांनीच बोलावून घेतले. यंत्राला चित्र लागते. मोराची मान कोठे वळावी, खोली कोठे द्यावी, पत्रा कोठे फाटेल, हे संगणकासमोर बसलेल्याला ठाऊक असावे लागते. ते दोघे आज उंदराने चित्र काढतात. (संगणकाच्या उंदराने, मागे बसलेल्या आजीबाई दचकल्या.) आणि दोघेही अजून रोज वहीत पेन्सिलीने काढतात.

म्हणून बाळ, माझ्याजवळ तू छिन्नी चालवावयास शीक असे मी म्हणणार नाही. शिकलास तर आनंद आहे. पण या धंद्यावर तुझे घर चालेल असे वचन मी देऊ शकत नाही. माझ्या स्वतःच्या पुतण्यालाही मी ते दिले नाही. मजजवळ देण्यासारखे उरले आहे ते रोजचे बसणे. ते तू पोलादावर वापर, कागदावर वापर, संगणकावर वापर.

एक शेवटचे निवेदन करून आपली रजा घेतो. दर रविवारी सकाळी माझी ओटी खुली असते. कागद मी देईन, पेन्सिल व वही प्रत्येकाने आपली आणावी. मुलींनीही यावे. येत्या रविवारी एकादशी आहे, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमारास. ज्यांना होडीवर जावयाचे आहे त्यांनी जाऊन परत यावे, आम्ही दुपारपर्यंत बसलेले असू.