पिल्लाची चूक नव्हती

आजचा भाग छोटा आहे, पण मला सांगायला जड जाणारा आहे.

मी माकणीचा. लोहारा तालुका, तेरणेच्या धरणाचं गाव. माझे बाबा दारू प्यायचे. संध्याकाळी नुसत्या पावलांच्या आवाजावरून मला कळायचं, आज अभ्यासाला बसायचं की आजीकडं पळायचं. एकदा गणितात कमी मार्क पडले आणि त्या रात्री ते जास्त प्यायले. झालं! हे माझ्यामुळंच होतं, असं मी धरून बसलो. सांगणार कुणाला? घरातलं बाहेर न्यायचं नाही, असं आईनं बजावलेलं.

आता सुट्टीत गावी गेलो की गल्लीतल्या पोरांना गोष्टी सांगतो. त्यातली ही एक.

एक काऊ रोज शिंदीच्या झाडावर जाऊन आंबलेला रस प्यायचा आणि घरट्याच्या काड्या उपसायचा. पिल्लाला वाटायचं, मी दाणा सांडला म्हणून बाबा असं करतात. मग पिल्लू एकही दाणा सांडेना. तरी काऊ प्यायलाच!

इथं मी थांबतो आणि विचारतो, चूक कुणाची? पोरं ओरडतात, "रसाची!", "काऊची!"

यंदा एक पोरगा गप्प बसला होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "दादा, पिल्लाची तर नव्हती ना?"

"नाही रे. अजिबात नाही."

त्यानं घरचं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाला, "पुढं पिल्लू कुठं गेलं?"

"चिऊताईकडं. आणि या खेपेला तिनं लगेच दार उघडलं."

गोष्टीचं हेच बरं असतं. स्वतःच्या घराबद्दल जे विचारता येत नाही, ते पिल्लाबद्दल विचारता येतं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, असं तिथं मानतात. आजार म्हटलं की उपचार आले. आणि तो आजार पोराच्या मार्कांनी होत नाही, की बाटली लपवून बरा होत नाही.

तुमच्या घरी असं असेल, तर आपली चिऊताई आधीच ठरवून ठेवा. आजी, मावशी, शाळेतले सर, कुणीही. मारहाण होत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि तुमचं घर ठीक असेल, तर शेजारच्या पिल्लासाठी दार उघडं ठेवा. भेटू पुढच्या भागात!