आधी जाळी, मग पाकळी

भरतकामात कापड टाक्यांना धरून ठेवते. सुट्या लेसमध्ये टाक्यांनीच एकमेकांना धरावयाचे असते. १८८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन परिसरात रेशमी कापडावर यंत्राने सुती नक्षी भरीत आणि मग रसायनाने रेशीम विरघळवीत. लेस तेवढी उरे. आज रायपुरात हे काम संगणकावर शिकणाऱ्यापुढे रेशमाऐवजी पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा असतो. अडचण मात्र तीच. पाकळी कितीही रेखीव असो, तिच्याखालील जाळीचे दोरे परस्परांत गुंतलेले नसतील, तर धुताच तासांचे श्रम विखुरतात. म्हणून आधार जाणार आहे, हे आराखड्याच्या पहिल्या रेघेपासूनच ध्यानी ठेवावयास हवे.