ऐकणारा दिसतोही



घरावरील एरियल हवेंतील लहरी केवळ ग्रहण करतें, अशी आपली समजूत असेल. ती अर्धीच खरी आहे. लहर आली कीं तारेंतील विद्युत्कण मागेंपुढें हालूं लागतात, आणि हालणारे विद्युत्कण स्वतःच नव्या लहरी बाहेर टाकतात. अर्ध्या लहरीइतक्या लांबीचें साधें एरियल यंत्राशीं उत्तम जुळविलें, तर जितकी शक्ति यंत्राला मिळते, जवळजवळ तितकीच पुन्हां आसमंतांत विखुरली जाते.

घरावर यानें कांहीं बिघडत नाहीं; परंतु वाहनावर गोष्ट निराळी होते. मोटारीच्या टपावर पाऊण मीटरची काठी उभी केली, कीं धातूचा टप आरशासारखा तिचें प्रतिबिंब दाखवितो, आणि तीन मीटर लांबीच्या लहरीला ती दीड मीटरच्या एरियलसारखी भासते. काठी कडेला सरकविली, कीं कोणत्या दिशेचें ग्रहण चांगलें व कोणत्या दिशेचें वाईट, हेंही बदलतें. म्हणजे एरियल काठीपुरतें उरत नाहीं. सबंध गाडी त्यांत सामील होते.

विमानाला तर काठीचीही गरज नसते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं इंग्लंडांत डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या केंद्रांतून ४९ मीटरच्या लहरी निघत असतां एक हेफर्ड जातीचें बाँबफेकें विमान तेथून उडविण्यांत आलें. आर्नल्ड विल्किन्स यांचें गणित सोपें होतें: पंखांची लांबी सुमारें अर्ध्या लहरीइतकी, तेव्हां विमान हेंच एक एरियल समजावें. विमानावरून विखुरलेल्या लहरी सुमारें आठ मैलांपर्यंत ओळखूं आल्या. रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्या या प्रयोगांतून ब्रिटनचें रडार उभें राहिलें.

येथेंच वैमानिकाची अडचण सुरू होते. त्याला ऐकावयाचें तर एरियल हवें. आणि एरियल शत्रूच्या लहरी उलट पाठवून त्याचा ठाव सांगणार! १९८१ सालीं प्रथम उडालेल्या अमेरिकेच्या एफ-११७ विमानांत म्हणूनच एरियल आंत ओढून घेण्याची सोय केली होती, आणि रडार मुळींच ठेवलें नव्हतें. दिसावयाचें नसेल, तर वैमानिकानें कांहीं काळ मुका व बहिरा होणें पत्करावें, असा तो सौदा होता. दुसरा उपाय म्हणजे एरियलचा सपाट पृष्ठभाग किंचित् तिरपा बसविणें. मग परतणारी लहर शत्रूकडे न जातां भलतीकडे वळते.

आपल्या गच्चीवरील तार मात्र दोन्ही कामें निर्धास्तपणें करीत राहील. तिच्यावर कोणी नेम धरलेला नाहीं.